वजनाच्या मर्यादा कोणी ठरवावयाच्या?

आपला धान्याचा व्यापार पूर्वी पोत्यांवर चाले. माल ग्राहकासमोर काट्यावर चढे आणि त्याची खात्री तेथेच पटे. आता हरमलसारख्या किनाऱ्यावरील गावातही तांदूळ एक किलोच्या बंद पिशवीतून विकला जातो. पिशवीवर छापलेला आकडा हाच ग्राहकाचा काटा झाला आहे. म्हणून तो आकडा खरा ठेवण्याची रीत आपण शिकून घेतली पाहिजे, असे माझे नम्र मत आहे.

यंत्र कितीही उत्तम असले तरी कोणत्याही दोन पिशव्या अगदी सारख्या भरत नाहीत. दाण्याचा आकार, ओलावा, प्रवाहाचा वेग यांमुळे काही ग्रॅमांचा फरक पडावयाचाच. परंतु झडप अडकली किंवा काटा बिघडला, तर पडणारा फरक निराळ्या जातीचा असतो. हे दोन फरक वेगळे ओळखण्यासाठी वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली नियंत्रण-आलेख सुचविला. महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापिलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये आपल्या देशातही येऊन गेले.

रीत सोपी आहे. दर तासास लागोपाठच्या पाच पिशव्यांतील निव्वळ माल तोलावा. पाचांची सरासरी लिहावी. तसेच सर्वांत जड व सर्वांत हलक्या पिशवीतील फरक, म्हणजे विस्तार, लिहावा. अशा वीस-पंचवीस नोंदींवरून, समजा, एकूण सरासरी १००६ ग्रॅम व सरासरी विस्तार ८ ग्रॅम आला. पाचांच्या गटासाठी कोष्टकातील गुणक ०.५७७ आहे. त्याने ८ ला गुणिले की सुमारे ४.६ येतात. म्हणून सरासरीची वरची मर्यादा १०१०.६ आणि खालची १००१.४ ग्रॅम. विस्ताराची वरची मर्यादा ८ गुणिले २.११४, म्हणजे सुमारे १६.९ ग्रॅम, खालची शून्य. ठिपका या रेषांबाहेर गेला की काम थांबवून कारण शोधावे.

कोणी म्हणतील, कायदा एक किलोस १५ ग्रॅम तूट क्षम्य धरतो, मग ९८५ हीच रेषा का नको? २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांतील ती सूट एकेकट्या पिशवीस आहे. तपासलेल्या पिशव्यांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. सूट चुकीसाठी असते, कमाईसाठी नव्हे. शिवाय कायद्याची रेषा माल विकण्याजोगा आहे की नाही एवढेच सांगते. यंत्राची चाल बदलली हे आलेखाची रेषा सांगते.

दुसरे कोणी दिवसभराची सर्व वजने एकत्र मिसळून मर्यादा काढतात. सकाळी यंत्र हलके आणि दुपारी जड भरत असेल, तर तो दोषच हिशेबात शिरतो, रेषा रुंदावतात आणि दोष झाकला जातो. पाच-पाच पिशव्यांचा विस्तार घेण्याचे मर्म हेच आहे.

रेषांच्या आत ठिपका थोडा हलला म्हणून यंत्रास हात लावणे हेही अनिष्ट. त्याने फरक वाढतो. आणि अशा स्वाभाविक फरकासाठी भरणाऱ्या कामगारास बोल लावणे हा तर निव्वळ अन्याय होय.

यात आपले हितही आहे. पिशवीमागे ६ ग्रॅम अधिक गेले, तर हजार पिशव्यांत ६ किलो जातात. फरक आवरला, तरच ग्राहकास न बुडविता सरासरी हजाराच्या जवळ आणता येते. हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात कमीजास्त करणे, हा अचौर्यव्रताचा अतिचार आपल्या शास्त्रकारांनी सांगितलाच आहे. मात्र शुद्ध हेतूला शुद्ध हिशेबाची जोड हवी. मालाच्या मर्यादा मालकाच्या इच्छेने ठरत नाहीत. त्या मालानेच सांगावयाच्या असतात. आपल्या संघाने तरुण सभासदांसाठी हा हिशेब शिकविण्याची सोय करावी, अशी माझी सूचना आहे.