बोल्टांची ऐट, हवेचा हिशेब

थार किंवा गुरखा दारात आली की काही महिन्यांतच मालकाची नजर चाकांकडे वळते. कंपनीने दिलेले रिम बेंगरूळ वाटू लागतात आणि ॲक्सेसरीजच्या दुकानातली काळी अलॉय व्हील्स खुणावू लागतात, कडेने बोल्टांची गोल रांग असलेली. दुकानदार त्यांना बेधडक बीडलॉक म्हणतो. त्यातली बरीचशी बीडलॉक नसतातच. बोल्टांची डोकी शोभेला बसवलेली असतात. सगळी काढून फेकली तरी टायरला पत्ता लागणार नाही, कारण त्यांनी काही धरलेलेच नसते.

खरे बीडलॉक काय धरते, ते कळायला साधे चाक आधी बघावे लागते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या काठात पोलादी तारेचे कडे असते, तेच बीड. आतली हवा हा काठ रिमच्या कडेवर दाबून ठेवते. तीस पीएसआयची हवा असेल तर तो सहसा हलत नाही. पण खडकावर किंवा वाळूत गाडी घालायची तर पहिला धडा हवा कमी करण्याचाच. माणसांसह १,८०० किलोची गाडी असेल, तर वजन सारखे विभागले असे धरून प्रत्येक चाकावर ४५० किलो येतात. ढोबळ हिशेबाने ३० पीएसआयला टायर सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतो आणि १५ ला त्याच्या दुप्पट. ही वाढ मुख्यतः लांबीत होते. टायर वाळूत कमी रुततो, दगडाच्या आकारानुसार दबतो आणि पकड घेतो.

हवा आणखी उतरवली, दहाच्याही खाली, तर पकड वाढत जाते, पण काठ दाबून धरायला हवाच पुरत नाही. मग गाडी आडव्या उतारावर कलली किंवा चाक वळलेले असताना जोर दिला, की टायर रिमवरून निसटतो. बीडलॉकमध्ये बाहेरच्या बाजूचा काठ रिम आणि एक वेगळी कडी यांच्यामध्ये दोन-अडीच डझन बोल्टांनी आवळलेला असतो. हवा पार गेली तरी तो काठ जागा सोडत नाही.

तेव्हा दुकानात शिरण्याआधी मालकाने स्वतःला विचारायचे ते एवढेच, की आपण हवा कितीवर उतरवणार?

कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही शर्यत भरते. मोकळ्या वाळवंटात सुसाट धावायचे आणि त्याच गाडीने लगेच प्रचंड दगडांनी भरलेल्या घळी चढायच्या. तिथे बीडलॉक ही चैन म्हणता येत नाही. मात्र त्याच अमेरिकेत जीप रँग्लर रुबिकॉन आणि फोर्ड ब्रॉन्को यांच्यासाठी कंपन्या जे रिम देतात, ते बीडलॉक ‘बसवता येईल’ असे असतात. शोरूममधून गाडी निघते ती सजावटीची कडी लावून. आवळणारी कडी वेगळी विकत घ्यायची आणि तिचा वापर रस्त्याबाहेरच करायचा, अशी सूचना सोबत असते. ज्या देशात हा छंद वाढला, तिथल्या कंपन्याही रोजच्या रस्त्यासाठी हात राखून आहेत.

सह्याद्रीतला मामला तर आणखीच वेगळा. गोव्यात २०१४ पासून ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ची भारतीय स्पर्धा ऐन पावसाळ्यात होते. तिथे गाडीला झुंजायचे असते ते चिखलाशी, ओढ्यांशी आणि निसरड्या चढांशी. विंच, खोल नक्षीचे टायर आणि दोर हाताळणारा जाणता जोडीदार यांवर तिथे खूप काही ठरते. अशा स्पर्धकाने बीडलॉक लावले तर ते समजू शकते. रविवारी इगतपुरीच्या ट्रॅकवर किंवा मावळातल्या एखाद्या वाटेवर जाणाऱ्याला १८ ते २० ची हवा सहसा पुरते, आणि तेवढ्यात चांगल्या अवस्थेतला ट्यूबलेस टायर साध्या रिमवरही टिकतो.

त्याने पैसे घालावेत ते अचूक प्रेशर गेजवर, हवा परत भरणाऱ्या दमदार कॉम्प्रेसरवर आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर. भिंतीचा हिशेब फार कमी जण करतात. थारचा १८ इंची रिमवरचा टायर २५५/६५ मापाचा, म्हणजे भिंत सुमारे १६६ मिलिमीटर. त्याच थारच्या १६ इंची रिमवरचा २४५/७५ टायर घेतला, तर भिंत १८४ मिलिमीटरच्या आसपास. भिंत उंच, तेवढी दबायला जागा जास्त. शोभेच्या बोल्टांचे २० इंची रिम घेणारा ही जागा स्वतःच्या पैशाने कमी करून घेतो. दिसायला रांगडे, वागायला नाजूक!

खरे बीडलॉक घेतले की देखभालही पदरात पडते. कडीचे बोल्ट बहुधा २० ते २७ न्यूटन मीटर इतकेच आवळायचे असतात, तेही समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत, निर्मात्याने दिलेल्या आकड्याप्रमाणे. गाडीच्या चाकाचे नट शंभरच्या वर आवळले जातात. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याने नेहमीच्या सवयीने गन लावली, की बोल्ट तुटलाच म्हणायचा. थोडे अंतर चालवून बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. टायरचा काठ कडीच्या मापाला जाड किंवा पातळ पडला तर कडी वाकते, म्हणून टायर आणि रिम यांची जोडी विकत घेण्याआधीच जुळवून बघावी. वजन वाढते, बॅलन्सिंग किचकट होते, दगडाला घासून बोल्टांची डोकी झिजतात.

कायद्याचेही आहेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेअर चाकाकडे बोट दाखवील, तेव्हा ‘दुकानदार म्हणाला होता’ हे उत्तर चालणार नाही.

मधला मार्ग म्हणून टायरच्या आत बसणारे बीडलॉक मिळते. आतल्या वेगळ्या ट्यूबमध्ये ५० पीएसआयच्या आसपास हवा भरली की ती टायरचे दोन्ही काठ रिमवर दाबून धरते. त्यासाठी रिमला व्हॉल्व्हचे दुसरे भोक पाडावे लागते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही, त्यामुळे मिरवायला ते अगदीच कुचकामी.

एवढे सगळे ऐकूनही कुणाला बोल्टांचीच कडी हवी असेल, तर त्याने टॉर्क रेंच आणि जादा बोल्ट गाडीत ठेवावेत. दुरुस्तीला हात घालण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडून द्यावी. दोन भाग बोल्टने जोडलेले लष्करी धाटणीचे रिम असतील तर हे आणखी कसोशीने पाळावे. आत हवा असताना बोल्ट सैल केले, तर सुटणारी कडी किंवा रिमचा अर्धा भाग थेट समोर वाकलेल्या माणसावर येतो.