चेटकीण कोण ठरवतं?

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण रंगमंचावर आली की मुलं आधी दचकतात, मग खदखदून हसतात. दिवाळी अंकांतून भयकथाही आपण आवडीने वाचतो. पण सातपुड्याच्या एखाद्या पाड्यावर कुणाला ‘डाकीण’ म्हटलं, तर त्या बाईला गाव सोडावं लागतं. कधी जीवही जातो.

मंत्रतंत्र करणारा पुरुष भगत, देवऋषी किंवा मांत्रिक. त्याला मानाने बोलावणं जातं, वर कोंबडं-नारळ आणि पैसे मिळतात. चेटकीण मात्र बाईच. ती ठरते कशी? मूल तापाने फणफणतं, म्हैस आटते, भगत ‘बाहेरचं आहे’ म्हणतो आणि बोट दाखवतो. ते बोट बहुधा एकट्या विधवेकडे, म्हातारीकडे किंवा जिच्या जमिनीच्या तुकड्यावर भाऊबंदांचा डोळा आहे तिच्याकडेच वळतं. दुबळे पुरुषही सुटत नाहीत. ऑगस्ट 2021मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून दलित समाजातल्या सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यांत वृद्ध होते, स्त्रियाही होत्या.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात, अशाच अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. करणी खरी की खोटी, या वादात हा कायदा शिरत नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने जनावराचं दूध आटवतो, असं सांगत त्याचं जगणं मुश्कील करणं हाच इथे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. वारी, कीर्तन, हरिपाठ यांना कायदा हात लावत नाही. तो धर्माविरुद्ध आहे, हा प्रचार धादांत खोटा आहे.

दिवाळीला आपल्यापैकी अनेक जण गावी जातील. ओसरीवर कुणी शेजारणीबद्दल ‘तिनंच काहीतरी केलंय’ म्हणालं, तर मान डोलावू नका, तिथेच अडवा. आणि तिच्या अंगावर कुणी धावून गेलं, तर पोलीस ठाणं गाठा. या कायद्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी असतो. त्याच्याकडे तक्रार द्या.