मेंढीचं मेण आणि बाळंतिणीची ट्यूब

परवा भाचीला भेटायला गेले. बाळ जेमतेम पाच दिवसांचं. उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतशेपेची वाटी आणि त्यांच्या शेजारी करंगळीएवढी एक ट्यूब. किंमत वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. चारशेच्या घरात! ‘‘अगं मावशी, नॅचरल आहे. लॅनोलिन. हॉस्पिटलच्या सामानाच्या यादीतच होतं,’’ भाची म्हणाली. दूध पाजताना तिला इतकं दुखत होतं की, बाळ रडायला लागलं की तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. ताईचं आपलं एकच पालुपद, ‘‘आमच्या वेळी साजूक तूप लावायचो. हे कसलं लॅनो-बिनो?’’

हे लॅनो-बिनो सध्या सगळीकडे आहे. ओठांच्या बामात, भेगांच्या मलमात, हातांच्या क्रीममध्ये. पेट्रोलियम जेली म्हणजे खनिज तेलाची, म्हणून वाईट. लॅनोलिन मेंढीच्या अंगचं, म्हणून चांगलं, असा एकूण सूर. म्हणून जरा खोलात गेले.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या त्वचेतल्या ग्रंथींतून पाझरणारं मेण. पावसापाण्यात तिची लोकर त्यानं राखली जाते. लोकर कातरायची, गरम पाण्यात साबण घालून धुवायची आणि त्या घाण पाण्यातून यंत्रानं घुसळून हे मेण वेगळं काढायचं, अगदी ताकातून लोणी काढावं तसं. मग ते शुद्ध करायचं, रंग आणि वास घालवायचा. जर्मनीत लीब्राइख आणि ब्राउन या दोघांनी १८८२ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते मलमांत आहे. म्हणजे आजीच्या बटव्यातलं नव्हे, चांगलं कारखान्यातलं. ते स्वतःच्या वजनाच्या दुपटीइतकं पाणी धरून ठेवतं आणि आपल्या त्वचेच्या तेलाशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. कोरड्या त्वचेला, फुटलेल्या टाचांना त्याचा उपयोग होतो, यात वादच नाही. पण त्वचेतला ओलावा उडू न देण्याच्या कामात ती बदनाम पेट्रोलियम जेली त्याच्या पुढेच आहे. शिवाय स्वस्त.

(जाता जाता एक गंमत. ताई कडक शाकाहारी. पण आठवड्याला ‘डी’ जीवनसत्त्वाची पुडी न चुकता घेते. बाजारातलं बहुतेक डी-३ याच मेणातल्या कोलेस्टेरॉलपासून करतात. मेंढी मारत नाहीत, नुसती कातरतात, हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.)

आता ‘नैसर्गिक’चं बघा. मेंढीच्या अंगावर किडे-माश्या होऊ नयेत म्हणून औषधं मारतात, ती या मेणात उतरतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लॅनोलिनमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. त्यानंतर औषधी दर्जाचं लॅनोलिन जास्त शुद्ध करू लागले. ऑस्ट्रेलियात त्याच माश्यांपायी मेरिनो कोकरांच्या शेपटीखालची कातडी कापून काढण्याची पद्धत आहे. न्यूझीलंडनं २०१८ साली तिच्यावर बंदी घातली. ट्यूबवरच्या गोंडस कोकराकडे पाहून हे काही कळत नाही. आणि २०२३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेनं ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ म्हणून लॅनोलिनचंच नाव जाहीर केलं. धडधाकट त्वचेला ते क्वचितच बाधतं. इसब असलेल्या, आधीच सोललेल्या त्वचेला मात्र बाधू शकतं. म्हणजे ज्यांना मलमाची गरज जास्त, त्यांनीच जपून. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस बघावं, हे बरं.

मला वाटलं, निदान आपल्या धनगरांना तरी या मेणाचे दोन पैसे मिळत असतील. कुठलं काय! मेंढीच्या जातीप्रमाणे कच्च्या लोकरीत वजनाच्या पाच ते पंचवीस टक्के मेण असतं. मेरिनो त्यात वरच्या टोकाला. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ. तिच्यात ते फारच कमी. घोंगड्यांची मागणी आटली, तशी कितीतरी ठिकाणी मेंढपाळाला कातरणीची मजुरी पदरची मोजावी लागते आणि लोकर रानात टाकावी लागते. मांसासाठी बिनलोकरीच्या माडग्याळ मेंढ्यांकडे ओढा वाढला, तो उगीच नाही. आणि कोकणातल्या बायका कोकमाच्या बियांचं मुठेल कित्येक वर्षं टाचांना चोळतायत. त्याला मात्र अशी चकचकीत ट्यूब मिळत नाही, बघा.

पण मला खरा राग आला तो त्या यादीचा. स्तनाग्रांच्या दुखण्यावरच्या उपायांचा २०१४ साली कोक्रेन संस्थेनं आढावा घेतला. त्यात आढळलं ते असं की, काहीच न लावणं किंवा स्वतःचंच थोडं दूध लावणं हे लॅनोलिनइतकंच, कदाचित जास्तही उपयोगी पडतं. काहीही केलं तरी बहुतेकींचं दुखणं सात ते दहा दिवसांत सौम्य होतं. (ताईच्या तुपाची वकिली मी करत नाहीये हं.) दुखण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाळ नीट तोंड न लावता नुसतं टोकच ओढतं. ते कसं धरायचं, हे दाखवायला कुणीतरी अर्धा तास जवळ बसावं लागतं. भाचीजवळ त्या हॉस्पिटलात कुणी बसलं नव्हतं. मलमाची ट्यूब यादीत लिहायला अर्धं मिनिट लागतं! दुखणं थांबेना की दूध ‘पुरत नाही’ म्हणून पावडरचा डबा येतो, हे कितीतरी घरांत पाहिलंय. रक्त आलं, गाठ झाली, ताप चढला तर डॉक्टर गाठायलाच हवा. पण त्याआधीचं साधं काम करायला माणूस नको?

शेवटी ताईच्याच इमारतीतल्या एक निवृत्त परिचारिका आल्या. त्यांनी भाचीच्या पाठीशी उशी दिली, बाळाला पोटाशी पोट लावून आडवं धरायला लावलं आणि त्यानं मोठा ‘आ’ करेपर्यंत थांबायला सांगितलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येत होत्या. चौथ्या दिवशी फोनवर भाचीचा आवाजच वेगळा होता. ट्यूब आता ताईच्या कपाटात आहे. रात्री टाचांना लावून वर मोजे घालते म्हणे.