लॉनमधलं तण आणि कमिटीचं 'औषध'

उपनगरातल्या सोसायट्यांनी लॉनवर आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींत तणनाशक फवारणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलुंड असो, अंधेरी असो की बोरिवली, टॉवरच्या जाहिरातीत दिसतं तसं एकसारखं हिरवं गवत मुंबईच्या पावसात टिकवायचा हट्टच चुकीचा आहे. आणि तो हट्ट फवारणीने पुरवत राहिलं की एक दिवस फवारणीही चालेनाशी होते.

सगळेच तणनाशकाला 'औषध' म्हणतात. औषध म्हटलं की डोस आला, आणि गुण आला नाही की डबल डोस आला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात हाच संवाद होतो: "तण मेलं नाही, जास्त मारायला सांगा." तण का मेलं नाही, हे कुणी विचारत नाही.

एक कारण साधं आहे. लव्हाळ्याच्या गाठी मातीत खोल असतात. वरची पाती जळली तरी खालून पुन्हा फुटतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एकाच जातीच्या लाखो रोपांत एखाद्याच्या जनुकात आधीपासूनच असा बदल असतो की ते रसायन त्याला बाधत नाही. फवारणी हा बदल घडवत नाही. ती बाकीच्या सगळ्यांना मारून त्या एकाला मोकळं मैदान देते. त्याच्या बिया पुढच्या जूनमध्ये उगवतात आणि आपण तोच कॅन पुन्हा उघडतो. क्षयरोगाचे जंतू एकेका औषधाला दाद देईनासे कसे होतात, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. तत्त्व तेच आहे.

पायवाटेच्या कडेला जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरणारं, मधोमध पांढरट दिसणारं गवत तुम्ही पाहिलं असेल. ती आपल्या नाचणीची भावकी, एल्युसिन इंडिका. ग्लायफोसेट 1974 मध्ये बाजारात आलं. 1997 मध्ये मलेशियात याच गवताने त्याला दाद न दिल्याची नोंद झाली. अमेरिकेतल्या गोल्फ कोर्सवर, जिथे गवतावर पाण्यासारखा पैसा ओततात, तिथे पोआ अन्युआ नावाचं बारीकसं तण एकाहून जास्त गटांच्या तणनाशकांना पुरून उरलंय. त्यांना जे जमलं नाही, ते आपल्या मेंटेनन्सच्या पैशात जमणार आहे का?

"शेतकरी नाही का फवारत?" हा ठरलेला प्रतिप्रश्न. फवारतो, कारण निंदणीला माणसं मिळत नाहीत आणि पीक गेलं तर वर्ष जातं. पंजाब-हरियाणात गव्हातल्या फॅलारिस मायनर या तणावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन मारलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ते तण मरेनासं झालं आणि गव्हाचं उत्पन्न धोक्यात आलं. शेतकऱ्याच्या नाइलाजाची ढाल करून आपण आपली हौस लपवू नये. गंमत म्हणजे ज्या हरळीला शेतकरी शिव्या घालतो, तीच आपण 'बर्म्युडा' म्हणून विकत आणतो आणि गणपतीत दूर्वा म्हणून वाहतो. तण कोणतं, हे जागा ठरवते.

"हाताने काढायला माळी परवडत नाही," हा दुसरा मुद्दा. पण मग पाठीवर पंप घेऊन, हातमोजे आणि मास्कशिवाय फवारतो कोण? तोच माळी. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला. तुमच्या आवारात कॅन कुणाच्या हातात असतो, ते एकदा खाली उतरून बघा.

आमच्या कामात एरर मेसेज लपवला म्हणजे बग सुटला, असं कुणी म्हणत नाही. तण हा मातीचा एरर मेसेज आहे. नाचणीची ही भावकी माजते ती तुडवून घट्ट झालेल्या जमिनीत. तिथे फवारा मारून माती भुसभुशीत होत नाही. माती मोकळी करा, गवत फार खालून कापू नका म्हणजे नवीन बियांना ऊन मिळणार नाही, आणि बी धरायच्या आत तण खुरप्याने काढा. जिथे मुलं रोज क्रिकेट खेळतात तिथे लॉनचा नाद सोडा. माती राहू द्या.

उरलेल्या जागेत चार प्रकारचं गवत आणि थोडी घोळ दिसली तर बिघडत नाही. पावसाळ्यात हीच घोळ, टाकळा, कुरडू आपण स्टेशनबाहेर बसलेल्या बायकांकडून जुडी-जुडीने विकत घेतो.

सर्वसाधारण सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं. या वर्षी पाच मिनिटं मागून घ्या आणि तीन प्रश्न विचारा: कोणतं रसायन मारता, किती वेळा मारता, आणि मारणाऱ्याला काय संरक्षण देता? उत्तरं मिळाली नाहीत, तर बागेच्या बजेटमधली ती ओळ खोडा आणि तेवढेच पैसे माळ्याच्या पगारात घाला.