जुनी फटफटी घेताना



मागच्या महिन्यात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी येऊन जा ना. एक गाडी पाहून ठेवली. तुमी पाहिल्याशिवाय आई पैसे देत नाही."

भाचा दालमिलमध्ये कामाला आहे. बहिणीने भिशी आणि शिवणकामातून जमवलेले ९० हजार पोस्टात आहेत. पोराला दोन वर्षांपासून एकच ध्यास, मोटारसायकलने महूला जायचे, तेही मेळघाटातून. पूर्वी अकोल्याहून खंडवा, महू, इंदूरकडे छोटी लाईन होती. आमचे वडील तिनेच जाऊन आले होते. मेळघाटातली ती गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. आता परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा जंगलातला रस्ता धरायचा आणि पुढे खंडव्याकडे निघायचे. हौस वाईट नाही. पण हौस पोराची आणि पैसा माउलीचा, म्हणून मी गेलो.

गाडी होती २०१७ ची हिमालयन. दोन्ही बाजूंना सामानाच्या जाळ्या, वर दोन जादा दिवे. पोराच्या डोळ्यांत नुसती चमक. किंमत ८५ हजार. मी आधी इंजिनाला हात लावला, तर ते गरम! गिऱ्हाईक यायच्या आधीच चालू करून ठेवलेली. जुनी गाडी नेहमी थंड असताना चालू करून पाहावी. थंडीतच तिचा खोकला कळतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑईल जळते आहे असे समजावे.

मग कागद मागितले. आर.सी. तिसऱ्याच माणसाच्या नावावर, त्यावर बँकेच्या कर्जाची नोंद तशीच. विकणारा म्हणाला, "सह्या केलेले फॉर्म आहेत साहेब, नाव काय, केव्हाही करा." मी म्हटले, उठ बाबू, चल घरी.

माझ्या या तडकाफडकी उठण्याला कारण आहे. २००८ साली मी माझी जुनी गाडी अशीच कोऱ्या फॉर्मवर सह्या करून विकली होती. घेणाऱ्याने नाव चढवलेच नाही. पुढे ती कोणाकोणाकडे फिरली देव जाणे. २०११ मध्ये माझ्या घरी अपघाताच्या दाव्याची नोटीस आली. गाडीला विमा नव्हता, कागदोपत्री मालक मी! तीन वर्षे तारखा केल्या, रजा घातल्या, सोसायटीचे कर्ज काढले. सुप्रीम कोर्टाने तर फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्टच सांगितले की, आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. म्हणून विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून नाव बदलून घ्यावे. विकणाऱ्याला कायद्याने १४ दिवस आहेत, घेणाऱ्याला ३०. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यावा. कर्जाची नोंद असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. बऱ्हाणपूर-बैतूलकडून एम.पी. नंबरची गाडी स्वस्तात मिळते, पण तिला तिकडची एन.ओ.सी., इकडचा कर, नवा नंबर, हे सारे आले. तो फायदा चहापाण्यात जातो.

भाचा रुसला. वाटेत मी त्याला एका ओळखीच्या मेकॅनिककडे थांबवले. तिथेही एक हिमालयन उभी होती. म्हटले, बंद गाडी या चढावर मागे ढकलून दाखव. दालमिलमध्ये पोती उचलणारा पोरगा, पण घामाघूम झाला. ती गाडी १९० किलोच्या वर भरते, त्यात पेट्रोल आणि सामान. डांबरी रस्त्यावर हे वजन गाडीला बसकण देते. पण सेमाडोहच्या पुढे ओल्या उतारावर आडवी झाली तर उचलणार कोण? "मंग स्प्लेंडरवरच जाऊ काय मामा?" तो म्हणाला. जाता येते बाप्पा! आमच्या तलाठ्यांनी आणि ग्रामसेवकांनी सारा मेळघाट शंभर सी.सी.वर पालथा घातला आहे. फक्त ती खाली बसकी. दगड थेट इंजिनाच्या पोटाला लागतो.

आपल्याकडच्या रस्त्यांचा स्वभाव ओळखून गाडी निवडावी. एका टोकाला अमरावती-अकोला महामार्ग, ज्याच्या ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत विक्रम झाला. दुसऱ्या टोकाला पांदण. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला मनाईच, मग १२० चा वेग घेऊन जायचे कुठे? आणि पांदणीतली आपली काळी माती! पावसाळ्यात ती चाक आणि मडगार्डमध्ये अशी घट्ट बसते की चाकच फिरेनासे होते. उंच गाडी घ्यायची ती त्यासाठी. पुढचे मडगार्ड चाकापासून वर असेल तर माती निसटते.

शेवटी अमरावतीत एक गाडी सापडली. २०१९ ची एक्सपल्स, पहिलाच मालक, शिक्षक माणूस. १५५ किलोच्या आसपास वजन, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, पुढचे चाक २१ इंची, तारांचे. तारांचे रिंग वाकले तर सरळ करता येते. ट्यूब मात्र जवळ बाळगावी लागते. बाकी शोरूमवाल्याने सांगितलेल्या गोष्टींपेक्षा आम्ही हाताने पाहिल्या त्या कामी आल्या. मीटरवर २६ हजार किलोमीटर होते. मीटर खोटा बोलू शकतो, पायदानाचे आणि गिअरचे रबर खोटे बोलत नाही. ते झिजून गुळगुळीत असेल तर गाडी जास्त फिरली आहे. हँडलखालच्या नळ्याजवळ रंग तडकला आहे काय, नव्याने मारला आहे काय, हे पाहिले. अपघातात चेसिस तिथेच दुखावते. मागून उकिडवे बसून दोन्ही चाके एका रेषेत आहेत ना, तेही पाहिले. मागचे चाक धरून आडवे हलवले, तर किंचित खडखड आली. मेकॅनिक म्हणाला, बुश गेले, बाराशे-पंधराशेचे काम. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर ऑईलचा ओघळ नव्हता. चेन मागच्या चाकीवरून ओढली तर अर्धा दात दिसला, म्हणजे चेन-चाकीचा सेट बदलायचा. टायरवर चार आकडे असतात. ३१२२ म्हणजे २०२२ सालचा ३१ वा आठवडा. टाकीत बॅटरी मारून गंज पाहिला. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी म्हणून बनलेल्या नाहीत, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या तडकल्या असतील तर आधीच बदलाव्यात आणि महिनोन् महिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नये. चेसिस आणि इंजिन नंबर मी स्वतः वाचून आर.सी.शी ताडले. मोबाईलवर थकीत चलान पाहिले, एक निघाले, ते मालकाने आमच्यासमोर भरले.

मी बी.कॉम. माणूस, बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. ते ७८ मागत होते, आम्ही ७० ला थांबलो. बुश, चेन-चाकी, दोन्ही टायर, नाव बदली, विमा, नवी नंबर प्लेट मिळून आणखी सोळा हजारांचा खर्च. उरलेल्या चारातून चांगले आय.एस.आय. हेल्मेट घेतले. ९० चे ९० संपले, पण ८५ ची गाडी घेतली असती तर टायरसाठी पुन्हा माउलीपुढेच हात पसरावा लागला असता.

परवा नावावर झालेली आर.सी. आली. बहिणीने ती रेशनकार्डाच्या डब्यात ठेवून दिली आहे. भाचा ती मागतो, ती झेरॉक्स देते. महूला जायचे दिवाळीनंतर ठरले आहे, पाऊस गेल्यावर. त्याआधी रविवारी रविवारी चिखलदऱ्यापर्यंत जाऊन यायचे, असे मी सांगितले आहे. पहिल्याच रविवारी घाटात पंक्चर झाले. ट्यूब होती, पंपही होता, चाक खोलायचा पाना मात्र घरी राहिला होता.