विश्लेषण : बुरशीला ‘आजारी’ पाडणारा विषाणू आपली पिके वाचवेल का?

विषाणू म्हटले की आपल्याला आजार आठवतो. पण झाडे मारणाऱ्या बुरशीलाही विषाणूची लागण होते आणि कधी कधी त्यामुळेच झाड वाचते. अशा विषाणूंना ‘मायकोव्हायरस’ म्हणतात.

युरोपात काय घडले?

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडे वाळू लागली. कारण होते आशियातून आलेली एक बुरशी. पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेतील अब्जावधी चेस्टनट झाडे गेली. १९३८ मध्ये तीच बुरशी इटलीत जिनोआजवळ सापडली. तिथे मात्र १९५० च्या दशकात काही झाडांच्या खोडावरील जखमा आपोआप भरून येताना दिसल्या. त्या झाडांवरची बुरशी दुबळी होती आणि तिचा दुबळेपणा इतर बुरशीलाही ‘लागत’ होता. त्यामागे विषाणू होता, हे नंतर उलगडले.

मग अमेरिकेत का जमले नाही?

हा विषाणू बुरशीबाहेर एकटा फिरत नाही. दोन बुरश्यांचे तंतू जोडले गेले की तो एकीतून दुसरीत जातो. पण बुरशीचेही गट असतात. गट जुळला नाही, तर जोडाच्या जागच्या पेशी मरतात आणि विषाणूची वाट बहुतेक वेळा बंद होते. युरोपात अनेक ठिकाणी असे गट मोजकेच होते. अमेरिकेच्या जंगलांत ते भरपूर निघाले. तिथे सोडलेला विषाणू फारसा पसरलाच नाही.

आपण काय शिकायचे?

नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार भुरी आणि करप्यासाठी हंगामभर फवारण्या करतो. औषधांचा खर्च वाढतो आणि बुरशी औषधाला दाद देईनाशी होण्याची भीती वेगळीच. अशा वेळी ‘विषाणूवाले जैविक औषध’ बाजारात आले, तर हात खिशाकडे जाणारच.

म्हणूनच पैसा आधी बाटलीवर नको, अभ्यासावर हवा. आपल्या बागांमध्ये बुरशीचे किती गट आहेत, हे जिल्हानिहाय तपासायला हवे. शिवाय चेस्टनटच्या खोडावरची जखम वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे विषाणूला पसरायला वेळ मिळतो. घडावरच्या रोगाला मात्र काही दिवस पुरतात.

त्यामुळे उद्या कुणी असे औषध विकायला आले, तर दोन प्रश्न नक्की विचारा : आमच्या भागातल्या बुरशीवर चाचणी झाली का? आणि परिणाम दिसायला किती दिवस लागतात?