मुंबईचा साग, दोनशे वर्षांनंतर

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची चणचण होती, तेव्हा ब्रिटिश आरमाराला मलबारचा साग आणि मुंबईचे कारागीर कामी आले.

सागाचं मोल खिळ्याच्या भोकाशी कळतं. ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळा गंजतो आणि त्याच्याभोवतीचं लाकूडही खराब होतं. सागातलं तेल खिळा आणि फळी दोन्ही जपतं. म्हणूनच शिडांचा जमाना सरला, तरी हे जहाज टिकलं. वेस्ट इंडीज आणि पॅसिफिकमधली कामगिरी आटोपल्यावर त्याचं शिक्षणनौकेत रूपांतर झालं आणि थेट १९८६ पर्यंत तरुण मुलं त्यावर दर्यावर्दीपणाचे धडे गिरवत राहिली. पुढे दहाएक वर्षं खपून त्याची डागडुजी झाली. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभं आहे.

हार्टलपूलकरांनी ते जिवापाड जपलं, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण ते घडवणाऱ्या मुंबईत त्याची ओळख किती जणांना आहे? वाडियांचं नाव तरी इतिहासात राहिलं. फळ्या तासणाऱ्या, सांधे बसवणाऱ्या शेकडो हातांची नावं कुठेच सापडत नाहीत. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणारे जाणते सुतार अजून आहेत. त्यांची विद्या त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवणं, हे आपलं आजचं काम आहे. हा अंक त्या कामाची सुरुवात आहे.